वरळीचा विहार आणि आपल्या गावचा विहार



जळकोट, उदगीर, अहमदपूर या बाजूचा व्यापारी मुंबईस जातो तो सहसा कामानिमित्त. मूळजी जेठा मार्केटातील कापडखरेदी, मशीद बंदरचे सौदे, नाहीतर घरच्या रुग्णाला परळच्या टाटा रुग्णालयात दाखविणे. रात्रीच्या गाडीने निघावे, सकाळी उतरावे आणि कामे आटोपून परतावे. अशा धावपळीत एखादा तास मोकळा मिळालाच, तर वरळीच्या जपानी बौद्ध मंदिरात थोडा वेळ बसून यावे, असे सुचवावेसे वाटते.

डॉ. ॲनी बेझंट मार्गावरचे हे मंदिर आकाराने लहान आहे. बाहेर बसगाड्यांची रांग आणि भोंग्यांचा गलबला; आत बुद्धमूर्ती, स्वच्छ फरशी आणि मोजकी माणसे. प्रार्थनेच्या वेळी येथे ढोल वाजतो, तोही जोरात. तरीही मन निवते. नाद एका लयीत चालला की मनही त्याच्यामागे एका चालीने चालू लागते. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत माळ फिरविणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

हे मंदिर निप्पोन्झान म्योहोजी या जपानी पंथाचे. त्याचे संस्थापक भिक्षू निचिदात्सू फुजी (1885-1985) 1931 साली भारतात आले आणि 1933 साली वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. त्यांचा मंत्र सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा आहे, आणि गांधीजींच्या आश्रमातील प्रार्थनेत त्याला स्थान मिळाले. वरळीचे मंदिर उभे राहिले ते बिर्ला कुटुंबाच्या दानातून. बिर्ला काही बौद्ध नव्हते. ज्या गांधीजींनी हा मंत्र आपलासा केला, त्यांच्या जीवनावर ज्यांचा खोल ठसा होता ते श्रीमद् राजचंद्र तर मुंबईत जवाहिराचा व्यापार करणारे जैन श्रावक होते. दुसऱ्याच्या धर्माविषयी आदर बाळगणे ही व्यापारी घरांची जुनी रीत आहे, हे यावरून ध्यानात यावे.

येथे काही वाचक विचारतील, “अन्य धर्माच्या मंदिरात गेल्याने सम्यक्त्वास बाधा येत नाही का?” प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. देव, गुरू आणि शास्त्र यांवरील आपली श्रद्धा निश्चित आहे. ती ढळू देण्याचे कारण नाही. भगवान महावीर आणि भगवान बुद्ध एकाच काळात, मगध आणि वैशालीच्या त्याच भूमीत विहरले. बौद्धांच्या पाली ग्रंथांत महावीरांचा उल्लेख ‘निगंठ नातपुत्त’ म्हणून येतो आणि तेथे मतभेद स्पष्ट मांडलेले आहेत. आपण आत्मा मानतो, ते अनात्मवाद सांगतात. आपण कठोर तपाला थोर मानतो, ते मध्यम मार्ग सांगतात. हे भेद झाकण्याची गरज नाही. परंतु आपली पाच अणुव्रते आणि त्यांचे पंचशील शेजारी ठेवून पाहावे. अहिंसा, सत्य, अचौर्य आणि शीलपालन ही चार दोन्हींकडे आहेत. पाचव्या जागी आपल्याकडे परिग्रहाची मर्यादा, तर त्यांच्याकडे मद्यत्याग. वंदन आपल्या श्रद्धेनुसार करावे. शांत बसण्यास आणि समजून घेण्यास अनेकान्त कधीच आड येत नाही.

याचा दाखला आपल्या मराठवाड्यातच आहे. वेरुळात एकाच डोंगरात क्रमांक 1 ते 12 ही बौद्ध लेणी आणि 30 ते 34 ही जैन लेणी आहेत. नंतर आलेल्या जैन दात्यांनी आधीची बौद्ध लेणी राहू दिली आणि त्याच डोंगरात आपली इंद्रसभा कोरली.

आता खरा मुद्दा. वरळीस जाणे सोपे आहे. तेथे आपल्याला कोणी ओळखत नाही आणि मंदिर जपानी आहे, त्यामुळे पाहण्याचे कौतुकही असते. परंतु आपल्या गावी, बाजारपेठेपासून फार दूर नव्हे, एक बुद्धविहार असतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर मराठवाड्याच्या गावोगावी असे विहार उभे राहिले. तेथे वंदनेस बसणारी माणसे आपल्या दुकानाच्या पायरीवर येणारीच आहेत. त्यांच्या घरच्या लग्नाचा बस्ता आपल्याकडे बांधला जातो, महिन्याचे वाणसामान आपल्याकडून जाते, त्यांच्या आजोबांचे खाते आपल्या आजोबांच्या वहीत असते. इतक्या पिढ्यांच्या ओळखीत त्या विहाराची पायरी आपल्यापैकी किती जण चढले आहेत? मुंबईच्या विहारात जी शांती आपण शोधतो, ती गावच्या विहारात नसेल असे मानण्यास आधार कोणता? धर्माचे कारण पुढे केले जाते खरे. पण तेच कारण वरळीस आड येत नसेल, तर अडसर धर्माचा नव्हे, जुन्या सामाजिक अंतराचा आहे. नमोकार मंत्रात कोणा एका व्यक्तीचे नाव नाही, जातीचे तर नाहीच; वंदन आहे ते गुणांना.

‘विहार’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे मुनिमहाराज विहार करतात, म्हणजे पायी चालत पुढच्या गावी जातात. बौद्धांकडे विहार म्हणजे भिक्षूंनी राहण्याचे स्थान. पावसाळ्यात मात्र दोन्ही परंपरांचे साधू एका जागी थांबतात. आपण त्यास चातुर्मास म्हणतो, ते वर्षावास म्हणतात.

वैशाखातील बुद्धपौर्णिमेस गावच्या विहारात वंदना होते आणि अनेक ठिकाणी खीर वाटली जाते. त्या दिवशी दुकान थोडे लवकर बंद करावे, मुलांना बरोबर घ्यावे, चपला बाहेर काढून मागच्या ओळीत बसावे. ओळखीचा गृहस्थ समोर येईलच. दुकानात तो आपल्याला ‘शेठजी’ म्हणतो; तेथे आपण त्याला आधी ‘जय भीम’ म्हणावे.