नालबंदाच्या हुन्नराची परीक्षा व्हावी

नालबंद हे आडनाव मिरज-कोल्हापूर भागात आजही ऐकू येते. नालबंदी करणारे हात मात्र मोजकेच उरले आहेत. ट्रॅक्टर आले, बैलगाड्या कमी झाल्या, आठवडी बाजारात बैल आडवा पाडून त्याच्या आठ नख्यांना पत्र्या मारणारा कारागीर दिसेनासा होत चालला. तेव्हा हा धंदा संपला, असे आपण धरून चाललो आहोत. ते अर्धेच खरे आहे. बैल कमी झाले, पण घोडे आहेत. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर आहेत, माथेरान-महाबळेश्वरला आहेत, वरातीत आहेत.

आणि घोडा म्हटला की नालबंद आलाच. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी जुना नाल काढायचा, खूर तासायचा, नवा बसवायचा. तयार नाल विकत मिळतो, शर्यतीसाठी ॲल्युमिनियमचा हलकाही मिळतो. पण खुराच्या घडणीप्रमाणे तो वाकवून बसवणे हातानेच होते. खिळा खुराच्या बाहेरच्या मुर्दाड भिंतीतूनच जायला हवा. जरा आत गेला की घोडा लंगडला, आणि मालकाचे नुकसान झाले.

असे जोखमीचे काम आपल्याकडे कोणीही करू शकतो. ब्रिटनमध्ये तसे नाही. लंडनच्या नालबंदांची संघटना 1356 सालची. तिला 1674 मध्ये राजाची सनद मिळाली. 1975 च्या कायद्याने तर नोंदणी नसलेल्याने घोड्याला नाल ठोकणे हा गुन्हाच ठरवला. मुलगा मान्यताप्राप्त उस्तादाच्या हाताखाली सुमारे चार वर्षे राबतो, परीक्षा देतो, मगच त्याचे नाव नोंदले जाते. त्यापुढेही वरच्या दोन पदव्या आहेत.

यावर कळस म्हणजे स्पर्धा. कॅनडातील कॅलगरी शहराच्या जुलैमधील जत्रेत नालबंदांची जागतिक स्पर्धा भरते. भट्टी पेटलेली, घड्याळ चालू, साध्या लोखंडी पट्टीतून ठरलेल्या मापाचा नाल घडवायचा आणि तो प्रत्यक्ष घोड्याला बसवूनही दाखवायचा. वेल्सच्या ग्रँट मूनने ही स्पर्धा सहा वेळा जिंकली. बक्षिसाच्या रकमेवर कोणाचे घर चालत नाही, हे खरेच. रोजची भाकर तबेल्यातूनच मिळते. पण चारचौघांसमोर हात सिद्ध झालेल्या माणसाशी मजुरीची घासाघीस करताना मालक दहा वेळा विचार करतो.

आपल्या कारागिराला नेमके हेच मिळत नाही. बापाकडून मुलाकडे आलेले कसब कागदावर कुठेच नाही; म्हणून चांगल्या हाताला आणि कच्च्या हाताला भाव एकच. मग कंबर मोडणारे, लाथा खाण्याचे हे काम मुलाने का शिकावे? तो रिक्षा घेतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

सुरुवात मोठी असायला नको. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तिथे एक दिवस नालबंदांची स्पर्धा ठेवावी. परीक्षक म्हणून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले जाणकार आणि दोन जुने उस्ताद बसवावेत, पास होणाऱ्याला सही-शिक्क्याचा दाखला द्यावा. खर्च घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी उचलावा. लंगड्या घोड्याला बाजारात काय किंमत येते, हे त्यांना सांगायला नको.