मुतखडा आणि पोटातील वस्ती



ऊन तापू लागले की आपल्या गोरेगाव-सेनगाव भागात कमरेतून जांघेपर्यंत कळ येणारी माणसे दिसू लागतात. विटभट्टी, ऊसतोड, बांधकाम अशा उन्हातल्या कामात घाम फार जातो आणि पाणी पोटात कमी जाते. लघवी घट्ट होते, तिच्यातील क्षारांचे कण जमतात आणि खडा तयार होतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट पालक, चुका, शेंगदाणे, चहा यांतून पोटात जाते आणि थोडे शरीरातही तयार होते.

आता या रोगाचा संबंध आतड्यातील जीवाणूंशीही जोडला गेला आहे. सगळेच जीवाणू रोग पसरवत नाहीत. आपल्या आतड्यात त्यांची मोठी वस्ती आहे. त्यातील 'ऑक्झलोबॅक्टर' नावाचा जीवाणू ऑक्झलेट खाऊनच जगतो. त्याने आतड्यात ऑक्झलेट फस्त केले की किडनीकडे ते कमी जाते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार खडे होणाऱ्यांपैकी १७ टक्के लोकांत हा जीवाणू सापडला. खडे नसलेल्यांत ३८ टक्के. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनीही २०१६ साली पुन्हा पुन्हा मुतखडा होणाऱ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रोग्यांच्या आतड्यातील जीवाणूंची घडणच निरोगी माणसांपेक्षा वेगळी निघाली. ऑक्झलेट खाणाऱ्या काही जाती तर रोग्यांत उलट वाढलेल्या होत्या. म्हणजे प्रश्न एका जीवाणूचा नाही, सगळ्या वस्तीचा आहे.

ही वस्ती बिघडवण्यात अँटिबायोटिक गोळ्यांचा मोठा हात असतो. २०१८ साली ब्रिटनमधील रोग्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पाच प्रकारची अँटिबायोटिक औषधे घेतलेल्यांत पुढे मुतखड्याचे प्रमाण जास्त दिसले, आणि लहान वयात घेतलेल्यांत हा धोका अधिक होता. आपल्याकडे मजुरी बुडू नये म्हणून साध्या सर्दीलाही मेडिकलवरून "पावरची गोळी" आणली जाते. ती सवय सोडली पाहिजे. मात्र डॉक्टरांनी गरज पाहून दिलेले औषध पूर्ण घ्यावे, मध्येच सोडू नये.

याचा फायदा घेऊन कोणी जीवाणूंची पावडर विकू लागला तर फसू नका. असे जीवाणू पोटात देऊन खडे थांबतात, हे अजून सिद्ध झालेले नाही. तोंडाने खडा ओढून काढणारा बुवा तर हातचलाखीच करतो. "बिअरने खडा पडतो" असे सांगणाऱ्याचेही ऐकू नका. पंचशीलातील पाचवे शील मोडून वर शरीरातले पाणीही कमी करून घेण्यात कसले औषध? तथागतांनी ऐकीव गोष्ट पारखून घ्यायला शिकवले आहे.

माता-भगिनींचा प्रश्न वेगळा आहे. शेतात, कामावर आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यांच्या लेकींनी संडास नाही म्हणून तहान मारावी, ही शरमेची गोष्ट आहे. कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि आडोसा मागणे हे चळवळीचेच काम आहे.

एवढे लक्षात ठेवा. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. उन्हात काम असेल तर आणखी. मीठ, पापड, लोणचे कमी करा. दूध-ताक बंद करू नका. जेवणातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. खडा होऊन गेला असेल तर पालक, चुका बेताने खा. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

कळेसोबत थंडी-ताप आला किंवा लघवी अडली तर घरी थांबू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. शस्त्रक्रिया सांगितली तर कर्ज काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. वस्तीतील शिकलेल्या मुलांनी अशा रोग्याचे कागद जुळवून द्यावेत, सोबत जावे. शिक्षणाचा तोच उपयोग.

जयभीम! नमो बुद्धाय!