कर्ज त्यांचं, अंगठा आमचा

सध्या एकच रेकॉर्ड सगळीकडं वाजतीय. टीव्हीवर, पेपरात, शहरातल्या व्याख्यानमालेत. सरकार कर्जात बुडालंय. तूट वाढलीय. फुकट वाटप बंद करा. हे सांगणाऱ्या विद्वानाचं बोट कुणाकडं असतं ते नीट बघा. रेशनच्या रांगेकडं असतं. शिष्यवृत्तीकडं असतं. वसतिगृहातल्या पोरांच्या ताटाकडं असतं. म्हंजे आपल्याकडं.

मी सूतगिरणीत ब्लो रूमला आहे. कापसाची धूळ खाऊन वाचायला शिकलो, अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नाही. पण महिन्याच्या वीस तारखेनंतर दुकानदाराच्या वहीत ज्याचं नाव चढतं, त्याला उसनवारी समजवायला प्रोफेसर लागत नाही. म्हणून म्हटलं, हा हिशेब एकदा आपणच मांडू.

पहिली गोष्ट. कर्ज काढणं पाप नव्हं. शाळा, दवाखाना, धरण, वीज ह्यासाठी काढलेलं कर्ज माणसं उभी करतं. सरकार कर्ज काढतं म्हणून छाती बडवणाऱ्यांत मी नाही. माझे सवाल दोनच आहेत. काढलं कुणासाठी? फेडतंय कोण?

केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प बघा. खर्च ५०.६५ लाख कोटी धरला. त्यातले १५.६९ लाख कोटी तुटीचे, म्हंजे उसने. आणि नुसत्या व्याजापायी १२.७६ लाख कोटी. चार रुपये खर्चले की एक रुपया व्याजात. महाराष्ट्राच्या डोक्यावर त्याच वर्षात ९ लाख कोटींच्या वर कर्ज. हा डोंगर एकट्या रेशनच्या तांदळानं उभा राहिला असं जो म्हणतो, तो एक तर अडाणी आहे नाहीतर लबाड.

आता बँकांची गोष्ट ऐका. ही गोष्ट त्या व्याख्यानमालेत येत नाही.

२०१४-१५ पासून नऊ वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटींची बुडीत कर्जं निर्लेखित केली. हा आकडा माझा नाही, २०२३ साली सरकारनंच संसदेत दिलेला आहे. त्यातली निम्मी रक्कम, ७.४१ लाख कोटी, मोठ्या उद्योगांची आणि सेवांची. लगेच साहेब सांगतात, निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच असते. बरं. वसुली किती झाली? त्याच नऊ वर्षांत २.०५ लाख कोटी. शंभरातले चौदा रुपये. माझ्या मावशीनं शिलाई मशीनसाठी एका बँकेत कर्ज मागितलं तर तीन जामीनदार आणि पगाराचे दाखले मागितले. हप्ता चुकला असता तर ह्याच बँकेनं शंभरातले चौदा घेऊन तिला चहा पाजला असता काय?

बँकांना असं भोक पडलं. ते बुजवलं कुणी? सरकारनं. म्हंजे तुम्ही-आम्ही. २०१६-१७ ते २०२०-२१ ह्या पाच वर्षांत सरकारी बँकांत ३.११ लाख कोटी ओतले. त्यातले २.७६ लाख कोटी रोख नव्हतेच. त्याची तऱ्हा अशी : सरकारनं रोखे काढले. ते बँकेनंच विकत घेतले, तुमच्या-आमच्या ठेवीतून. तो पैसा सरकारच्या हातात आला, आणि सरकारनं त्याच पैशात त्याच बँकेचे शेअर घेतले. पैसा फिरून घरी. मागं राहिलं काय? सरकारच्या नावावर कर्ज, आणि दरसालचं व्याज. आणि गंमत म्हंजे ही रक्कम वित्तीय तुटीत धरत नाहीत. नुसतं व्याज दिसतं. शिष्यवृत्तीचा रुपया तुटीत दिसतो, बँक वाचवायचा रुपया दिसत नाही. मग विद्वानांना तरी कसा दिसणार!

वाचवण्यातसुद्धा वर्ण आहेत, दोस्तांनो. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक अडकली. बहुतेक कर्ज एकाच बिल्डर गटाच्या घशात गेलेलं. ठेवीदार कोण? टॅक्सीवाले, दुकानदार, म्हातारे पेन्शनर. त्यांना पहिला हुकूम, सहा महिन्यांत हजार रुपये काढा. मर्यादा पुढं वाढवली, पण बँकेचं विलीनीकरण व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडला, आणि पाच लाखांवरच्या ठेवीला हप्ते बांधून दिले ते दहा वर्षांपर्यंतचे. २०२० च्या मार्चात येस बँक अडकली. तिथं पहिल्याच दिवशी मर्यादा पन्नास हजारांची. स्टेट बँकेनं आणि खाजगी बँका-वित्तसंस्थांनी मिळून १०,००० कोटी घातले, आणि तेरा दिवसांत निर्बंध उठले. एकीला तेरा दिवस, दुसरीला दोन वर्षं. बँक बुडू नये हे मलाही पटतं. पण बुडणाऱ्याची ऐपत बघून दोर टाकायचा, ही रीत आपण गावच्या विहिरीवर बघितलेली आहे.

त्याच २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. सरकारनंच सांगितलं, वर्षाला १.४५ लाख कोटींचं उत्पन्न जाईल. ह्याला कुणी फुकट वाटप म्हटलं नाही. ह्याचं नाव प्रोत्साहन. तुमच्या मोबाइलच्या रिचार्जवर मात्र १८ टक्के जीएसटी. तो शेठलाही तेवढाच, बदली कामगारालाही तेवढाच. ह्याचं नाव समानता!

आणि गिरण्या? १९७४ साली कायदा करून सरकारनं १०३ आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. नफ्याच्या काळात मालकांनी खाल्लं, यंत्रं मोडकी ठेवली. तोट्याच्या काळात गिरणी राष्ट्राची झाली. पुढं मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हा जमिनी विकल्या, तिथं टॉवर झाले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या उरलेल्या गिरण्या २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या. अचलपूरची फिनले, बार्शीची बार्शी टेक्सटाइल, मुंबईची टाटा, पोदार. टाळेबंदी उठली, भोंगा काही वाजला नाही. बँकेच्या भोकाला तीन लाख कोटी सापडले. सरकारच्या स्वतःच्या गिरणीला कापूस घ्यायला पैसा सापडला नाही. कारण गिरणी बंद पडली तर बाजार कोसळत नाही. नुसती चूल विझते.

आता दुखऱ्या जागेवर येतो. तूट आली की कात्री कुठं चालते?

२०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारनं लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी वळवले, आदिवासी विकासाचे ३३५.७० कोटी वळवले. खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर तक्रार केली. बहिणीला १५०० रुपये मिळतात ते मला टोचत नाहीत. आयाबहिणींच्या हातात पैसा आला पाहिजे. सरकार म्हणतं, त्यात तुमच्याही बहिणी आहेत. आहेत ना! मग बाकीच्या बहिणींचे पैसे सर्वसाधारण तिजोरीतून आणि आमच्या बहिणीचे आमच्याच वसतिगृहाच्या पैशातून, हा कुठला हिशेब? भावाच्या ताटातली भाकरी उचलून बहिणीला वाढायची आणि वर ओवाळणी म्हणून मिरवायचं? अनुसूचित जातींच्या योजनेचा पैसा दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल खेळांकडंही वळवला होता. खेळ असो, निवडणूक असो, खड्डा पडला की माती आमच्याच अंगणातली.

बाबासाहेब पैशाचे डॉक्टर होते हे आपण जयंतीच्या बॅनरवर लिहितो आणि विसरतो. १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. सांगणं हे की चलन सरकारच्या लहरीवर सोडू नका, मर्यादा घाला. कारण रुपयाची किंमत घसरली की मजुरीवर जगणारा भरडला जातो. १९४९ च्या ऑगस्टात घटना समितीत सरकारच्या कर्जाचं कलम आलं, तेव्हा ते म्हणाले की मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिलेला आहे, संसदेनं तो वापरावा. वित्तीय जबाबदारीचा कायदा यायला २००३ उजाडलं. त्यातली ३ टक्क्यांची मर्यादा सरकारं पुढं पुढं ढकलत आली. २०२५-२६ ची तूट ४.४ टक्के.

पण ध्यानात घ्या, बाबासाहेबांची मर्यादा राज्यकर्त्याच्या हाताला आहे, गरिबाच्या पोटाला नाही. आज उलटं झालंय. शेठला वाचवताना मर्यादा नाही आणि पोरांचा निर्वाहभत्ता द्यायच्या वेळी सगळ्यांना वित्तीय शिस्त आठवते.

आपले पुढारी काय करतात? एखाद्या महामंडळाच्या खुर्चीसाठी रांगेत उभे राहतात. त्यांना अर्थसंकल्पाचं पुस्तक दिलं तर त्यावर हार ठेवतील. त्यांची वाट बघू नका.

कामं सांगतो. आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जातींसाठी किती तरतूद झाली, किती रक्कम आली, किती खर्चली, किती परत गेली, किती वळवली, हे माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं तिकीट लागतं. मिळालेला आकडा वस्तीतल्या फळ्यावर खडूनं लिहा. कॅगचे अहवाल वाचा, एकट्याला कळले नाहीत तर चौघांनी बसून वाचा. हा निधी वळवता येणार नाही असा कायदा मागा. आंध्र आणि कर्नाटकनं २०१३ साली कायदे केले. तरी कर्नाटकात पुढं गॅरंटी योजनांसाठी त्याच निधीत हात घातलाच. म्हणून कायद्यात पळवाट ठेवू देऊ नका, आणि कायदा झाला म्हणून घरी जाऊन झोपू नका.

आपल्या आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा दिला, कारण त्याला वाचता येत नव्हतं. आपल्याला वाचता येतं. मग पावणेतीन लाख कोटींच्या रोख्यावर आपला अंगठा कुणी उमटवला, हे विचारल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

जय भीम!