मोबाइलला ताईत बांधू नका!

रेडिएशनपासून ‘संरक्षण’ देणाऱ्या चिप, स्टिकर आणि लॉकेटच्या विक्रीविरुद्ध नागरिकांसाठी पत्रक



मोबाइलच्या पाठीला चिकटवायची एक चकचकीत चकती सध्या घरोघर पोहोचते आहे. कुणी तिला अँटी-रेडिएशन चिप म्हणतो, कुणी कवच. भिशीत, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या सभागृहात, मोबाइलच्या दुकानात आणि ऑनलाइन बाजारात ती विकली जाते. तिच्याबरोबर गरोदर बाईने पोटावर बांधायचे पट्टे येतात, मुलांच्या गळ्यात घालायची लॉकेट येतात, घराच्या कोपऱ्यात ठेवायचे पिरॅमिड येतात. कुठे शंभर रुपये, कुठे काही हजार. विकणारा आधी मेंदूच्या कॅन्सरची गोष्ट सांगतो, मग पिशवी उघडतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: या वस्तूंनी संरक्षण मिळत नाही. ज्याला काळजी वाटते, त्याच्यासाठी खरा उपाय फुकट आहे. आणि आईबापांच्या काळजीवर चालणारा हा धंदा बंद पाडणे आपल्या हातात आहे.

काळजी करणाऱ्यांना हसू नका

मोबाइल दिवसभर अंगाला लागून असतो, लहान मुलांच्या हातात असतो. त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नाही. शास्त्रज्ञांनीही तो प्रश्न गंभीरपणे घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना ‘२ ब’ गटात ठेवले. कॅन्सरशी संबंध असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, पण पुरावा अपुरा आहे, असा या गटाचा अर्थ. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही पुढे याच गटात गेला. चिप विकणारा हा गट सांगतो, त्याचा अर्थ मात्र सांगत नाही.

त्यानंतरची माहितीही तो सांगत नाही. भारतासह १४ देशांत झालेल्या ‘मोबी-किड्स’ अभ्यासात मेंदूची गाठ झालेल्या १० ते २४ वर्षांच्या मुलामुलींची आणि इतर मुलामुलींची तुलना केली गेली. मोबाइल वापरल्याने गाठ होते, असा पुरावा त्यात मिळाला नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध त्यातही आढळला नाही. गेल्या तीस वर्षांत मोबाइल मूठभरांच्या हातातून अब्जावधी लोकांच्या हातात गेला. त्या प्रमाणात मेंदूचे कॅन्सर वाढलेले नाहीत.

यामागचे कारण समजण्याजोगे आहे. एक्स-रे किंवा अणुभट्टीतले किरण पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकतात. मोबाइलच्या लहरी रेडिओ लहरी आहेत. त्यांच्या एका कणाची ऊर्जा साध्या दिव्याच्या प्रकाशकणाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी असते. तिने डीएनए तुटत नाही. या लहरींचा सिद्ध झालेला परिणाम एकच आहे: ऊती किंचित तापणे. म्हणूनच त्यावर मर्यादा घातली आहे. सप्टेंबर २०१२ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी एक ग्रॅम ऊतीवर मोजलेली कमाल मर्यादा दर किलोमागे १.६ वॉट आहे. ऊतीत शोषल्या जाणाऱ्या शक्तीच्या या मापाला ‘सार’ म्हणतात. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबले की बहुतेक फोनचा ‘सार’ पडद्यावर दिसतो.

संशोधन पुढेही चालू राहील, चालू राहायलाच हवे. पण शास्त्रात प्रश्न शिल्लक आहे म्हणून बाजारातले कुठलेही उत्तर खरे ठरत नाही.

चिप का चालत नाही?

मोबाइलचे कामच मुळी लहरींवर चालते. आवाज, मेसेज, व्हिडिओ, सगळे काही टॉवरपर्यंत जाते ते याच लहरींतून. आता ‘चिप ९० टक्के लहरी अडवते’ या विक्रेत्याच्या दाव्याकडे पाहा. लहरी खरोखर इतक्या अडल्या, तर फोनची रेंज कोसळली पाहिजे. आणि चिप लावल्यावरही रेंज तशीच, कॉल तसाच, इंटरनेट तसेच चालत असेल, तर लहरी कुणी अडवलेल्या नाहीत. यातून सुटण्याची वाट विक्रेत्याकडे नसते. म्हणून मग ‘लहरींचा स्वभाव बदलतो’, ‘नकारात्मक ऊर्जा सकारात्मक होते’, ‘क्वांटम तंत्रज्ञान’ असली भाषा सुरू होते. लहरीची वारंवारता मोजता येते, शक्ती मोजता येते, दिशा मोजता येते. ‘सकारात्मकता’ मोजणारे यंत्र कुठल्याही प्रयोगशाळेत नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची त्याच्या निम्मी. फोनचे अँटेना बहुतेक वेळा वरच्या-खालच्या कडांमध्ये असतात. पाठीवर मधोमध चिकटवलेली रुपयाएवढी चकती या लहरींच्या वाटेतही येत नाही.

धातूची जाळी विणलेली कव्हर थोड्या लहरी अडवू शकतात. पण तिथे धोका उलटा आहे. टॉवरशी संपर्क कमजोर झाला की फोन आपली शक्ती आपोआप वाढवतो. अडथळा आणणाऱ्या कव्हरमुळे फोन जास्त जोर लावतो, बॅटरी लवकर संपते आणि जी गोष्ट कमी व्हावी म्हणून पैसे दिले, ती वाढू शकते. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांना हाच इशारा दिलेला आहे. लहरी अडवण्याचे खोटे दावे करून रेडिएशन-रोधक पट्ट्या विकणाऱ्या दोन कंपन्यांवर या आयोगाने २००२ मध्येच कारवाई सुरू केली होती.

प्रात्यक्षिकाला भुलू नका

विक्रेता मीटर आणतो. फोन लावतो, काटा वर जातो. चिप ठेवतो, काटा खाली येतो. सभागृह टाळ्या वाजवते. इथे काय घडते ते समजून घ्या. कॉल जोडला जाताना फोन जास्त शक्ती वापरतो आणि संपर्क जुळला की ती कमी करतो. चिप न ठेवताही काटा खाली येतोच. मीटर दोन बोटे इकडे-तिकडे सरकवला तरी आकडा बदलतो. खात्री करायची असेल, तर चिप कधी आहे आणि कधी नाही हे मीटर धरणाऱ्याला कळू न देता तोच प्रयोग वीस वेळा करायला सांगा.

दुसरे प्रात्यक्षिक हाताचे. तुम्ही हात आडवा धरायचा, विक्रेता तो खाली दाबणार. फोन हातात असताना हात पडतो, चिप लावली की पडत नाही. दाब देणारा तोच, किती आणि कुठे दाबायचे हे ठरवणाराही तोच. ‘ताकद वाढवणारे’ रबरी ब्रेसलेट जगभर याच हातचलाखीवर विकले गेले. शेवटी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात ते विकणाऱ्या कंपनीला आपल्या दाव्यांमागे विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नसल्याचे जाहीर कबूल करावे लागले.

तिसरे, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेले चेहऱ्याचे लाल-पिवळे फोटो. बराच वेळ कानाला लावलेला फोन बॅटरीमुळे गरम होतो, त्याच्याखाली घाम वाळत नाही, त्वचा तापते. कानाला गरम कापड धरले तरी फोटो तसाच लाल येईल.

फसवणुकीचा हा बाजार जगभर आहे

२०२० मध्ये इंग्लंडमध्ये फाइव्ह-जीपासून संरक्षण देणारी म्हणून एक वस्तू ३०० पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. सुरक्षा तज्ज्ञांनी ती उघडून पाहिली. आत १२८ एमबीचा साधा पेन ड्राइव्ह निघाला, वर एक स्टिकर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या देशात राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली चिप जाहीर केली आणि ती मोबाइलचे रेडिएशन कमी करते, असे सांगितले. शेकडो शास्त्रज्ञांनी आणि विज्ञानशिक्षकांनी त्यांना जाहीरपणे विचारले: प्रयोग कुठे केला, कुणी केला, निष्कर्ष कुठे प्रसिद्ध झाला? समाधानकारक उत्तर मिळाले नाही. सरकारी पदावरून केलेला दावाही पुराव्याशिवाय दावाच राहतो.

सगळ्यांत गंभीर प्रकार नेदरलँड्समधला. तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये अशी दहा उत्पादने तपासली. त्यांत लॉकेट होती, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती, लहान मुलांचे ब्रेसलेटही होते. ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. जे किरण खरोखर पेशींना इजा करतात, तेच त्यांतून बाहेर पडत होते. वापरणाऱ्यांनी ती ताबडतोब काढून सुरक्षित जागी ठेवावीत, असे प्राधिकरणाला सांगावे लागले. मुलाच्या काळजीपोटी आईने मुलाच्याच मनगटावर किरणोत्सर्गी वस्तू बांधली! ‘घातले तर नुकसान काय?’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फुकटचे उपाय

काळजी वाटत असेल, तर पुढील गोष्टी करा. यातली एकही विकत घ्यावी लागत नाही.

१. अंतर ठेवा. लहरींची तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने घटते. स्पीकरवर किंवा इअरफोनवर बोला.

२. रेंज कमी असेल तिथे लांबलचक बोलू नका. लिफ्ट, तळघर, घाटातला प्रवास, धावती गाडी इथे फोन जास्त जोर लावतो. मेसेज पाठवा किंवा उतरल्यावर बोला.

३. रात्री फोन उशीखाली ठेवू नका. रेडिएशनपेक्षा झोपमोडीचे आणि बॅटरी तापण्याचे कारण मोठे आहे.

४. मुलांचा मोबाइलवरचा वेळ कमी करा. डोळे, झोप, खेळ आणि अभ्यास यांचे होणारे नुकसान समोर दिसते आहे. कुठलीही चिप ते भरून काढत नाही.

५. गाडी चालवताना फोन हातात घेऊ नका. मोबाइलमुळे जीव जाण्याची खरी भीती रस्त्यावर आहे.

टॉवरविषयीही असेच. भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश आहे. शंका असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर परिसरातल्या टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीची मागणी करता येते. अनधिकृत टॉवरविरुद्ध जरूर लढा. पण टॉवर लांब गेला की रेंज घटते आणि कानाजवळचा फोन जास्त शक्ती लावतो, हेही ध्यानात घ्या.

कायदा आपल्या बाजूने आहे

औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. रोग टाळण्याची चमत्कारी शक्ती असल्याचे सांगितले जाणारे ताईत, मंत्र आणि कवच यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि कॅन्सर त्याच्या रोगांच्या यादीत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. गुन्हा पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. अशी जाहिरात करणारे नामवंत चेहरेही यातून सुटत नाहीत.

आमच्या मागण्या

अन्न व औषध प्रशासनाने ‘कॅन्सर टाळा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिप आणि लॉकेटच्या जाहिरातींची स्वतःहून चौकशी करावी. ऑनलाइन बाजारांनी पुराव्याशिवाय असे दावे असलेली उत्पादने काढून टाकावीत. वर्तमानपत्रांनी आणि स्थानिक केबलवाल्यांनी या जाहिराती घेऊ नयेत. शाळा, महिला मंडळे, बचत गट आणि सोसायट्यांनी विक्रेत्यांना सभागृह देऊ नये. औषध दुकानदारांनी आणि डॉक्टरांनी आपल्या काउंटरवर त्यांना जागा देऊ नये; पेशंटचा तुमच्यावरचा विश्वास ही विकायची वस्तू नाही.

आणि नागरिकांनो, ज्यांनी अशी वस्तू घेतली असेल, त्यांनी पावती शोधा, पैसे परत मागा. नकार मिळाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फसवले गेल्याची लाज तुम्ही बाळगू नका. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे. गप्प बसलात, तर तोच माणूस उद्या शेजारच्या गल्लीत तीच पिशवी उघडेल.

कुणी चिप घेऊन आलाच, तर चार माणसांसमोर त्याला विचारा: ‘फोनची रेंज जराही कमी न होता ही रेडिएशन कमी कसे करते, आणि ते कुठल्या स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासले आहे?’ लेखी उत्तर मागा. ते मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारी द्या, सोसायटीच्या फलकावर लावा.)