टाचेला 'शॉक' देण्याआधी

येलदरीच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईची टाच सकाळी पहिलं पाऊल टेकताच ठणकते. शहरात 'शॉक वेव्ह घ्या' म्हटलं की ती नावालाच घाबरते. पण यात अंगात करंट सोडत नाहीत. या दाबाच्या, म्हणजे ध्वनीच्याच लहरी. १९८० मध्ये म्युनिकला माणसाचा मूतखडा प्रथम फोडला तो याच लहरींनी. पुढे न जुळणारं हाड, खांद्यातला कॅल्शियमचा साठा, टाचेचं जुनं दुखणं यांसाठी त्या वापरात आल्या. टाचेत काही फोडायचं नसतं. दुखऱ्या भागाला भरून येण्यासाठी डिवचायचं असतं.

गुण येतो, पण सगळ्यांना सारखा नाही. शिवाय आठवड्याच्या अंतरानं तीन ते पाच खेपा. तितक्या दिवसांची बुडालेली मजुरी बिलात दिसत नाही. बहुतेकांची टाच पोटरी-तळव्याचे ताणण्याचे व्यायाम आणि मऊ चप्पल यांनी काही महिन्यांत बरी होते. ते करून पाहिलं का, हे न विचारताच मशीनकडे धाडणं आम्हाला पटत नाही. गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट रोज भेटला, तर अनेकींची शहरवारी टळेल.