घाट पाहू नका, ओलांडा

मराठीत ‘घाट’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. डोंगर चढण्या-उतरण्याच्या वाटेला आपण घाट म्हणतो आणि नदीच्या पाण्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्यांनाही घाटच म्हणतो. दोन्हींचे प्रयोजन एकच आहे. अवघड उतारावरून माणसाला सुखरूप नेऊन जिथे जायचे तिथे पोहोचवणे, हे घाटाचे काम. महेश्वरला नर्मदेच्या काठी घाट बांधणाऱ्या अहिल्याबाईंनीच १७९१ साली विंध्याच्या कड्यावर जाम घाटाचा दरवाजा उभारला. वरच्या दरवाजातून उतरायला लागावे आणि खालच्या पायऱ्यांवर नर्मदेत पाय बुडवावेत, अशी ही एकाच प्रवासाची दोन टोके आहेत.

पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी हा दरवाजा पाहावा. इंदूर आणि महूकडून आलेल्या मोटारी व मोटारसायकली रस्त्याच्या दोन्ही कडांना दाटीने उभ्या असतात. कोणाच्या गाडीचे दार उघडे टाकून गाणी लावलेली असतात, कोणी कठड्यावर चढून छायाचित्र काढून घेत असतो, भुट्ट्यांच्या बुरख्यांचा आणि पिशव्यांचा खच पडलेला असतो. ‘जाम’ या नावाला आजच्या रहदारीने जो नवा अर्थ दिला आहे, त्यावर विनोदही होतात. दिवस कलला की ही सारी गर्दी आल्या वाटेने मागे फिरते. दक्षिणेला पायाशी पसरलेल्या निमाडात उतरणारे त्यांत थोडेच. दरवाजापर्यंत यायचे आणि त्यातून पलीकडे जायचे नाही, अशी ही आमची नवी घाटयात्रा आहे.

आमचे म्हणणे स्पष्टपणे मांडतो. घाट ही पाहण्याची जागा नाही, ती ओलांडण्याची वाट आहे. घाटांची जी दुर्दशा आज आपण करीत आहोत, तिचे मूळ आपण ओलांडणे सोडून नुसते पाहू लागलो, यात आहे. जो ओलांडतो त्याला घाटाची गरज असते, म्हणून तो घाटाला जपतो. जो पाहून परततो त्याला घाटाची गरज उरत नाही. त्याला हवा असतो फक्त देखावा, आणि तो एकदा घेऊन झाला की मागे काय राहिले याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

हे आम्ही मुद्दाम आपल्याच माणसांना उद्देशून लिहीत आहोत. माळव्यात आलेली जुनी मराठी घराणी आपल्या पिढ्या मोठ्या अभिमानाने मोजतात. पण त्या पिढ्या इथवर कशा आल्या, हे कितीशी घरे मुलांना सांगतात? देशावरून निघालेल्या माणसाला अजिंठ्याचा डोंगर उतरून तापी गाठावी लागे, मग सातपुडा, मग नर्मदा आणि शेवटी विंध्याचा हा कडा. तेव्हा कुठे माळव्याचे पठार दिसे. १८५७ साली वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे सातपुडा ओलांडूनच महूला पोहोचले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘माझा प्रवास’ आपल्या अनेक घरांतल्या कपाटांत आहे. कपाटातले पुस्तक आणि दाराबाहेरचा घाट यांचा संबंध जोडायचे मात्र राहून गेले आहे.

उलट आपल्या मुलांना घाट म्हटला की लोणावळा-खंडाळाच आठवतो. सह्याद्रीवरचे प्रेम आम्हालाही आहे. पण ज्या लाव्ह्याच्या थरांनी सह्याद्री घडला त्याच थरांचे आपले माळव्याचे पठारही आहे. जाम घाटाचा काळा पाषाण हा बोरघाटाच्या पाषाणाचा सख्खा भाऊ आहे. इतिहासाचा धागाही आहेच. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला करणारे मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम त्याआधी माळव्याचाच कारभार पाहत होते आणि त्यांनी माळव्याचा इतिहासही लिहिला.

त्याच माल्कम यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, ती आज फार उपयोगाची आहे. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पशी पट्टी घेण्याचा भिल्ल नायकांचा हक्क अहिल्याबाईंनी मान्य केला होता. तिला ‘भिलकौडी’ म्हणत. या हक्काच्या बदल्यात वाटेची राखण आणि चोरीस गेलेल्या मालाची भरपाई ही जबाबदारी त्यांच्यावर होती. घाट ज्यांच्या अंगणातून जातो त्यांचा घाटावर हक्क आहे आणि जाणारा त्यांचे काही देणे लागतो, ही समज त्या काळच्या राज्यकर्तीला होती. ही समज सुटली की काय होते, तेही याच मुलखाने पाहिले. सेंधव्याच्या घाटवाटेची राखण करणारा खाज्या नाईक कंपनी सरकारच्या नोकरीतून दूर झाला आणि १८५७ साली त्याच घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. आज आपण जाम दरवाजाशी जातो तेव्हा घाटातल्या पाड्यांना काय देतो? दोन भुट्ट्यांचे दाम, आणि तेही घासाघीस करून.

घाटाचा देखावा कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण जवळच आहे. तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) १८७० साली एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि खांडवा-इंदूर लोहमार्ग उभा राहिला. पातालपानी ते काळाकुंड हा त्याचा घाटातला टप्पा. याच मीटरगेज मार्गाने जयपूरची मीनाक्षी एक्स्प्रेस इंदूर, खांडवा, अकोला, नांदेड करीत हैदराबादपर्यंत जात असे. माळव्यातल्या आणि हैदराबादेतल्या मराठी कुटुंबांच्या कितीतरी सोयरिकी या एका गाडीने सांभाळल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये महू ते ओंकारेश्वर रोड हा मीटरगेज मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. नवा मार्ग होणार, त्याबद्दल आमची तक्रार नाही. जुना टप्पा मोडीत न काढता राखला, हेही चांगलेच झाले. पण डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली ‘हेरिटेज’ गाडी घाट उतरून काळाकुंडला जाते ती माघारी येण्यासाठीच. जी वाट दोन प्रदेश जोडीत होती तिच्यावरून आता फक्त सहल जाते. लोहमार्गाच्या बाबतीत हे कदाचित अटळ असेल. रस्त्याच्या आणि पाऊलवाटेच्या बाबतीत ते अटळ नाही, म्हणून हा खटाटोप.

कोणी म्हणेल, पायी, दुचाकीवर की मोटारीने, यावर तुमचा रोख आहे काय? मुळीच नाही. प्रत्येक वाहनाची घाटाशी वागण्याची एक रीत असते, ती पाळावी एवढेच. मोटारीने जाणाऱ्याने ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे. नुसत्या ब्रेकवर विसंबू नये आणि पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये कदापि सोडू नये. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा जुना शिष्टाचार आहे आणि २०१७ च्या वाहनचालन नियमांतही तो आहे. मोटारसायकलवाल्याने धुक्यातल्या वळणावर मागे टाकण्याची ईर्षा करू नये. सायकलवाल्याला तर काही सांगावेच लागत नाही. चढ किती आहे हे त्याच्या मांड्या सांगतात, उतार किती आहे हे त्याची मूठ सांगते. आणि पायी जाणाऱ्याने गावातला माणूस सोबत घ्यावा, त्याला त्याच्या वेळेचे दाम द्यावेत आणि तो ‘आज ओढा ओलांडू नका’ म्हणाला तर मुकाट्याने ऐकावे. जुलै २०११ मध्ये पातालपानीच्या धबधब्यावर सहलीला आलेल्या कुटुंबातली माणसे अचानक चढलेल्या पाण्यात वाहून गेली. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढते. हे घाटात राहणाऱ्याला ठाऊक असते, पाहायला आलेल्याला नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गर्दी झाली तर रस्ता रुंद करा, सज्जे बांधा, वाहनतळ करा, त्याने स्थानिकांना रोजगारही मिळेल, असे आपल्यातलेच जाणते लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. रुंदीसाठी डोंगराची कड तोडली की वरचा उतार सैल होतो आणि पावसात दरडी रस्त्यावर येतात, हे सह्याद्रीच्या घाटांनी वारंवार दाखवले आहे. शिवाय मागे फिरणाऱ्या गाड्यांसाठी कितीही जागा केली तरी ती अपुरीच पडणार. रोजगाराचे म्हणाल, तर दरवाजाशी दोन तास थांबणारा भुट्टा घेतो. मंडलेश्वरला उतरणारा जेवतो, मुक्काम करतो आणि आठ-दहा किलोमीटरवरच्या महेश्वरला जाऊन विणकराची साडीही घेतो.

तेव्हा आमच्या मागण्या तीन आहेत. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांतल्या रविवारी खासगी गाड्या घाटमाथ्याच्या अलीकडेच थांबवाव्यात आणि तिथून थेट मंडलेश्वरपर्यंत उतरणाऱ्या बसगाड्या सोडाव्यात. त्याने चालू न शकणाऱ्या वडीलधाऱ्यांचीही सोय होईल. दुसरी, गाड्यांकडून घेतलेल्या शुल्कातला ठरलेला वाटा घाटातल्या पाड्यांना मिळावा. त्याला आजच्या भाषेत काहीही नाव द्या, आम्ही त्याला भिलकौडीच म्हणू. तिसरी, मोटाररस्त्यापूर्वीच्या गाडीवाटा आणि पाऊलवाटा जाणत्या म्हाताऱ्यांना विचारून शोधाव्यात आणि त्यांवर खुणेचे दगड बसवावेत. ही माणसे गेली की वाटाही गेल्याच.

पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातातल्या आहेत. तिसरी आपल्या हातातली आहे आणि तिला परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दर पावसाळ्यात एक सहल काढणाऱ्या आपल्या मंडळांनी तीच सहल घाट ओलांडण्याची करावी. आजोबांनी बसने उतरावे, नातवंडांनी जमेल तेवढे चालावे. आणि जे आपापल्या गाडीने जातील त्यांनी जाम दरवाजाशी गाडी मागे वळवण्याआधी एवढे मनाशी ठरवावे, की आज चिखलाचे पाय धुवायचे ते महेश्वरच्या घाटावरच.