वही सगळ्यांची, पेन कुणाकडे?

बचत गटाची वही कुणाच्या घरी असते? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक गावांत एकच मिळेल : सचिवबाईंच्या घरी. कपाटात, पत्र्याच्या पेटीत, नाहीतर देव्हाऱ्याखालच्या खणात. बैठकीच्या दिवशी ती बाहेर येते, नोंदी होतात, सह्या-अंगठे होतात आणि पुन्हा खणात जाते. मधल्या दिवसांत एखादीला वाटलं, की आपले किती हप्ते राहिलेत ते बघावं, तर सचिवबाईंच्या दारात जावं लागतं. मग "हिला माझ्यावर संशय आहे की काय?" असं त्यांना वाटेल, या भीतीने ती जातच नाही. गटात कुरबुर सुरू होते ती बऱ्याचदा इथून. पैसे कुणी खाल्लेले नसतात. हिशेब दिसत नसतो, एवढंच.

त्यात आपल्याकडे पावसाळ्याची भर. खारेपाटणच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. शुक नदी फुगली की पाणी बाजारपेठेत शिरतं आणि दुकानदारांची सामान वर चढवण्याची धांदल उडते. अशा वेळी पीठ-मीठ, पोरांची दप्तरं, म्हाताऱ्यांची औषधं आधी उचलायची की गटाची वही? भिजलेली वही उन्हात वाळवता येते, पण फुटलेली शाई परत अक्षरं होत नाही.

म्हणूनच आज ज्या सोयीबद्दल लिहायचं आहे ती मुंबई-पुण्याच्या कंपन्यांपुरती आहे असं समजू नका. तिला म्हणूया सामायिक वही. ही वही इंटरनेटवर असते. गटातल्या दहाजणींच्या दहा मोबाईलवर ती एकाच वेळी उघडते. एकीने खारेपाटणात नोंद केली, की कणकवलीला बाजाराला गेलेल्या दुसरीला ती तिथे दिसते. दहा प्रती नाहीत, वही एकच. त्यामुळे 'माझ्या कागदावर वेगळं, तुझ्या कागदावर वेगळं' हा घोळ उरत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे की! आहे, आणि तो निरोपासाठी उत्तमच आहे. पण निरोप आणि हिशेब यांत फरक असतो. सकाळी अकराला टाकलेला ऑर्डरचा आकडा संध्याकाळपर्यंत 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या केकांखाली गाडला जातो. मग सुरू होतं, "अगं, किती किलो सांगितलेलंस?" ग्रुप म्हणजे पाणवठ्यावरच्या गप्पा. त्या हव्यातच, पण पाणवठ्यावर कुणी जमाखर्च मांडत नाही.

समजा, मुंबईच्या एका मंडळाने गणपतीच्या आधी आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाल्याची मागणी नोंदवली. काम पाच घरांत वाटून घ्यायचं आहे. सामायिक वहीत पाच ओळी आखा. कुणी काय करायचं, किती किलो, कधीपर्यंत, कच्च्या मालाला किती पैसे लागले, किती काम झालं. जिचं काम पुरं झालं तिने आपल्या ओळीत तसं लिहायचं. कुळीथ दळून झाले का, हे विचारायला चार फोन नकोत. आणि माल गेल्यावर कुणाच्या वाट्याला किती आले, ते सगळ्यांसमोर. एखादीने जास्त राबून कमी घेतलं असेल, तर तेही लपत नाही. बायकांच्या कामात हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपलं अर्धं काम कधी मोजलंच जात नाही.

या सोयीचा इतिहास फार जुना नाही. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन संगणक-तज्ज्ञाने असं संकेतस्थळ सुरू केलं, की ज्याचं पान वाचणाऱ्यालाच दुरुस्त करता येई. त्याने त्याला नाव दिलं 'विकी'. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. त्याच युक्तीवर २००१ मध्ये विकिपीडिया उभा राहिला आणि २००३ मध्ये मराठी विकिपीडिया. अनोळखी माणसांनी आपापल्या घरी बसून मिळून लिहिलेला हा मराठी ज्ञानकोश आहे, आणि कुणी काय बदललं याची नोंद त्याच्या प्रत्येक पानामागे राहते. २००६ मध्ये गूगलने मिळून लिहिण्याची पानं आणि हिशेबाचे तक्ते सर्वांना फुकट उपलब्ध करून दिले. मोठ्या कंपन्या, वर्तमानपत्रं, शाळा, सगळे आज अशा सोयींवर काम करतात. मग दहा बायकांचा गट का नको?

आपल्या राज्यात याच्या जवळ जाणारा एक प्रयोग होऊन गेला आहे. नाबार्डने १९९२ पासून बचत गट बँकांना जोडले. २०१५ मध्ये त्याच नाबार्डने 'ई-शक्ती' नावाने गटांचे हिशेब संगणकावर आणायला सुरुवात केली, आणि पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडमधल्या रामगढबरोबर आपलं धुळे होतं. त्यात सभासद बाईच्या मोबाईलवर तिच्या व्यवहाराचा संदेश जाई. ही साधी वाटणारी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आपली बचत किती, कर्ज किती, हे बाईला कुणाच्या दारात न जाता कळणं. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, कर्जव्यवहार आणि परतफेड यांच्या जोडीला नियमित हिशेब आहे तो याचसाठी.

आता खरा मुद्दा. वही सगळ्यांची झाली, पण पेन कुणाकडे?

बऱ्याच ठिकाणी होतं असं, की मोबाईल नवऱ्याचा, खातं मुलाच्या नावाचं, आणि पासवर्ड तर त्यालाच ठाऊक. बाई सांगते, मुलगा भरतो. मुलगा पुण्याला नोकरीला गेला की वहीही पुण्याला गेली! २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांकडेच स्वतःला वापरता येईल असा मोबाईल होता, आणि इंटरनेट एकदा तरी वापरलेल्या होत्या ३३ टक्के. शिकल्या-सवरलेल्यांतही हेच दिसतं. जगभरच्या विकिपीडियावर लिहिणाऱ्यांची २०११ मध्ये पाहणी झाली, तेव्हा त्यांत बायका दहा टक्केही नव्हत्या. दार सताड उघडं होतं, तरी आत आपण कमीच गेलो.

"माका नाय जमाचा," असं म्हणून आपण मागे सरतो. का बरं? ज्या बाईला चाळीस माणसांच्या जेवणाचा अंदाज चुकत नाही, वर्षभराच्या मसाल्याचं प्रमाण तोंडपाठ असतं, तिला पाच रकाने जड का जावेत? मराठी टायपिंगची अडचण असेल तर २०१७ पासून मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलने दिली आहे. मोबाईलजवळ तोंड नेऊन "आमसुलं पाच किलो" म्हणायचं, अक्षरं उमटतात. चुकलं तर खोडा. तेवढ्याने जग बुडत नाही.

चार गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. वहीचं खातं गटातल्याच बाईच्या नावाने उघडा, आणि बदल करण्याचा हक्क निदान दोघींकडे असू द्या. बाकीच्यांना पाहण्याचा हक्क द्या. प्रत्येकीने लिहिलंच पाहिजे असं नाही, पण प्रत्येकीला दिसलंच पाहिजे. कुणी जुना आकडा बदलला तर तो कधी, कुणी बदलला ते बदल करणाऱ्यांना मागे जाऊन पाहता येतं. दुसरीने महिन्यातून एकदा ते जरूर पाहावं. वहीची लिंक वाटेल त्याला पाठवू नका. बँकेचे पासवर्ड, आधार क्रमांक, ओटीपी यांना या वहीत जागा नाही. आणि कागदाची वही मुळीच टाकून देऊ नका. बँकेला आणि लेखापरीक्षणाला ती लागेल. पावसात चार दिवस वीज आणि रेंज गेली, तर काम तिच्यावरच चालेल. मोबाईलमध्ये आधी तशी सोय करून ठेवली तर रेंज नसतानाही नोंद करता येते, आणि रेंज आली की ती आपोआप सगळ्यांपर्यंत पोचते.

एक खरं, की वहीने विश्वास निर्माण होत नाही. ज्या गटात मुळात एकमेकींशी बोलणंच नाही, तिथे उघडा हिशेब म्हणजे भांडणाला नवं निमित्त. पण ज्या गटात बोलणं आहे, तिथे उघड्या हिशेबाने सचिवबाईंच्या डोक्यावरचा भार उतरतो. त्यांच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. सगळ्यांत जास्त फायदा त्यांचाच!

खारेपाटणला हिशेबाच्या लिखाणाचं काही नवल नाही. हे खाडीवरचं जुनं बंदर. इथल्या ताम्रपटात शिलाहार राजा रट्टराजाने शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ मध्ये देवस्थानाला दिलेलं दान कोरलेलं आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोनं, असा त्यात उल्लेख आहे. हजार वर्षांनंतरही तो हिशेब वाचता येतो, कारण कुणीतरी तो लिहून ठेवला. त्या काळी बंदरात राबणाऱ्या बायका किती, त्यांना मिळालं काय, याचा हिशेब मात्र कुणी मांडून ठेवला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या येत्या बैठकीत एवढंच करा. जिला मोबाईल थोडाफार येतो, तिने एक सामायिक वही उघडावी. पहिल्या रकान्यात सगळ्यांची नावं लिहावीत, स्वतःची नावं, 'अमक्याची बायको' अशी नव्हेत. पुढच्या रकान्यात जिचं तिचं काम आणि जिचे तिचे पैसे. आणि पुढच्या बैठकीला पेन दुसरीच्या हाती द्यावं.